पुढच्या फेरीला

१

मार्चमध्ये रॉसच्या हृदयानं एकदा दगा दिला आणि डॉक्टरनं त्याचं विमान चालवायचं लायसन काढून घेतलं. ट्रक चालव म्हणाला, घोडा हाक म्हणाला, बायकोशी भांड म्हणाला, पण विमानाला हात लावू नकोस. रॉस घरी येऊन व्हरांड्यात बसला आणि माशा मारत राहिला. यारांगावर माशांना तोटा नाही, त्यामुळे काम भरपूर होतं.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे नेरिडाला कळत होतं. यारांगा म्हणजे गुरांचं रान. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत जायला अर्धा दिवस मोडतो आणि सगळ्यात जवळचं गाव विमानानं तासाभरावर. फेब्रुवारीत उत्तरेचं पाणी खाली आलं की रस्ते, फाटकं, घराजवळची धावपट्टी, सगळं आठवडेच्या आठवडे पाण्याखाली जातं. वर राहतं फक्त घर आणि मागची लाल टेकडी. टेकडीच्या माथ्यावर नेरिडाच्या वडिलांनी, क्लेमनी, दगड वेचून एक आखूड धावपट्टी केली होती. आजाऱ्यांना न्यायला येणारं डॉक्टरांचं मोठं विमान तिथं उतरत नाही. यारांगाचं चार सीटचं पांढरं विमान उतरतं. पाणी यायच्या आधी ते टेकडीवर नेऊन दोरांनी बांधून ठेवायचं, ही इथली जुनी रीत. भर पुरात रॉसच्या छातीत पुन्हा कळ आली, तर बाहेर पडायला तेवढं एकच दार होतं, आणि ते उघडायला आता घरात कुणी नव्हतं.

"तू शीक," रॉस म्हणाला.

"मी?"

"मग काय कुत्र्याला शिकवू? त्याला फक्त खिडकीतून डोकं बाहेर काढता येतं."

अशी नेरिडा तिशी उलटल्यावर विमान शिकायला बसली. शिकवायला गावाहून बेव यायची, शनिवारआड, स्वतःच्या खटारा विमानातून. पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी, तोंडात स्वतः वळलेली सिगरेट आणि जिभेवर तिखट. आल्या आल्या किटलीभर चहा प्यायची, नेरिडाच्या फ्रूटकेकला नावं ठेवत त्याचे दोन तुकडे खायची, मग म्हणायची, "चला बाईसाहेब, मरायला."

पहिल्याच दिवशी तिनं मागच्या सीटवर वाकून बघितलं. "हे काय? उजवीकडचा पट्टा मोकळा सोडलाय. रिकाम्या सीटचा पट्टा बांधून टाकायचा असतो. लोंबला की कुठंतरी अडकतो."

"बाबा तो उघडाच ठेवायचे," नेरिडा म्हणाली. "लागेल कुणाला, म्हणायचे."

पट्टा बांधून, ओढून बघून बेव पुढच्या सीटवर येऊन बसली.

२

नेरिडा बरी शिकली. लहानपण विमानातच गेलेलं, त्यामुळे कानाला इंजिन ओळखीचं होतं. वडिलांच्या मांडीवर बसून तिनं ढग बघितले होते, खिळ्यांच्या खोक्यांवर बसून गावाला शाळेच्या खेळांना गेली होती. पेट्रोल, तापलेलं कातडं आणि बाबांची तंबाखू यांचा मिळून एक वास त्या पांढऱ्या विमानात अजून होता. दार उघडलं की तो अंगावर यायचा आणि तिला एकदम नऊ वर्षांची करून टाकायचा.

बेवनं तिला रेडिओवरचं बोलणं शिकवलं. निघताना कुठून निघालो, कुठं चाललो, विमानात किती जण. "आणि कुणी काही सांगितलं, नि तुला बोलायला सवड नसली, तर बटण नुसतं दोनदा दाबायचं. खट् खट्. म्हणजे ऐकलं. रानातली माणसं उगाच तोंडाची वाफ दवडत नाहीत."

"तुम्ही सोडून."

"मी शिक्षिका आहे. मला पगार वाफेचाच मिळतो."

नोव्हेंबरात बेव म्हणाली, आता टेकडी. घराजवळच्या लांबलचक धावपट्टीवर कुणीही उडेल, खरी परीक्षा वर. टेकडीवरून उठायचं, एक चक्कर मारून परत टेकडीवरच टेकायचं. सकाळ थंड होती, तोंड गावाकडं, वारा समोरून होता. नेरिडानं इंजिन पूर्ण जोरात सोडलं. विमान धावू लागलं, आणि धावतच राहिलं. रोज जेवढ्या अंतरावर चाकं सुटायची तेवढं मागं गेलं. लाल दगड सरकत होते, धावपट्टीचा शेवट समोर येत होता, आणि अगदी काठावर विमान अनिच्छेनं उठलं.

"ब्रेकवर पाय होता का तुझा?" बेवनं विचारलं.

"नाही."

"मग माझ्या अंगावर तुझा केक चढलाय."

दुसऱ्यांदा बेवनं स्वतः उठवलं. तसंच. टेकताना शेपूट धप्पकन बसली. बेव खाली उतरली, चाकं बघितली, टाकीत कांडी घालून पेट्रोल बघितलं, मागचं सामानाचं दार उघडून बघितलं. आत एक रिकामी गोणी होती. ती गोणी तिनं झटकलीसुद्धा.

मग घराकडे निघाल्या तेव्हा तेच विमान त्याच धावपट्टीवरून पाखरासारखं उठलं. हवा तापली की पातळ होते, मग विमानाला जड जातं, हे नेरिडा पुस्तकात वाचून होती. पण ऊन आता मघापेक्षा जास्त होतं.

घरी उतरल्यावर ती पट्टे नीट करायला मागं वाकली. डावा बांधलेला होता. उजवा उघडा होता आणि कुणीतरी ओढून आखूड केलेला होता, बारीक कमरेच्या माणसाला बसेल एवढा.

३

मिस लॉर्ना बारीकच होती.

तेव्हा नेरिडा नऊ वर्षांची. शाळा रेडिओवर भरायची आणि तो रेडिओचा धडा मुलांकडून करून घ्यायला घरात मिस ठेवायची पद्धत होती. मिस लॉर्ना दक्षिणेकडून आली, एकोणीस-वीसची असेल, गवती टोपी घालून. पहिल्या दिवशी तिला बेडूक दाखवला तर ती ओरडली नाही, "याचं नाव काय?" म्हणाली. त्या दिवसापासून नेरिडा तिची झाली. व्हरांड्याचं एक टोक म्हणजे वर्ग. दुपारी पत्रे तडतडायचे, मिसच्या अंगाला निलगिरीच्या साबणाचा वास यायचा आणि गणित बरोबर आलं की ती शाबासकी द्यायची नाही, मागून येऊन खांद्यावर बोटानं दोनदा टकटक करायची. म्हणजे बरोबर आहे, चल पुढचं. त्या दोन टकटकींसाठी नेरिडानं अख्खा पाढ्यांचा तक्ता पाठ केला होता. पुढं आयुष्यात तिला बरीच शाबासकी मिळाली, पण तशी चव एकीलाही नव्हती.

त्या वर्षीचा पूर घरात शिरला. सुट्टीवर गेलेली गडीमाणसं अजून परतली नव्हती. बाबा, आई, नेरिडा, तान्हा भाऊ आणि मिस, एवढी सगळी टेकडीवर ताडपत्रीखाली. बाबांचं तेव्हा निळं विमान होतं. आई भावाला घेऊन पुढं बसली, नेरिडा आणि मिस मागं. माती भिजलेली होती. विमान धावलं आणि उठलं नाही. बाबांनी काठावर थांबवलं, फिरवून परत आणलं आणि इंजिन चालू ठेवूनच मागं बघितलं. काही म्हणायच्या आधीच मिसनं आपला पट्टा सोडला होता.

"पुढच्या फेरीला," बाबा म्हणाले. "आजच."

"वहीतलं शेवटचं गणित राहिलंय तुझं," मिस नेरिडाला म्हणाली. खाली उतरून तिनं बाहेरून काचेवर दोनदा टकटक केलं.

बाबा त्यांना गावात सोडून लगेच परत फिरले. ढग खाली आले होते. अंधार पडता पडता परत आले ते एकटे. टेकडी रिकामी होती म्हणाले. पुढं कितीतरी दिवस होड्या, विमानं, घोडेस्वार शोधत होते. टोपीसुद्धा सापडली नाही.

आणि बाबा एक गोष्ट सांगायचे. टेकडीच्या अलीकडं, ढगांच्या फटीत, एक पांढरं विमान गावाकडं जाताना दिसलं. त्यांनी रेडिओवर हाक मारली, तर उत्तरादाखल बटण दोनदा वाजलं. त्यांना वाटलं, कुणीतरी मिसला घेतलं. म्हणून ते गावच्या धावपट्टीवर रात्रभर त्या पांढऱ्या विमानाची वाट बघत बसले. त्या दिवशी दुसरं कुणी उडालंच नव्हतं. गाव काय म्हणायचं ते म्हणालं. ढग बघून क्लेमची टरकली, वाटेतूनच फिरला, वर पांढऱ्या विमानाची थाप मारतो. तोंडावर कुणी बोललं नाही, पण बारमध्ये त्यांच्या शेजारचं स्टूल रिकामं राहू लागलं. वर्षभरात बाबांनी निळं विमान मोडीत काढलं आणि दुसरं घेतलं. पांढरंच हवं म्हणून हटून बसले. आई रडली होती त्या वेळी.

सोळाव्या वर्षी नेरिडानंही ठरवून टाकलं की गाव म्हणतं तेच खरं असणार. ती तसं कधी बोलली नाही. बाबांना कळलं असावं. पुढं कितीतरी वर्षांनी, मरणाच्या आदल्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "मी गेलो होतो गं." तिनं त्यांचा हात धरला आणि "हो बाबा" म्हटलं, आजारी माणसाला म्हणतात तसं.

४

जानेवारीच्या शेवटी टेकडीवर बेव विमानातून खाली उतरली. "आता एकटी. माझं ओझं गेलं की विमान उडी मारेल. सगळ्यांचं मारतं. घाबरू नकोस."

विमानानं उडी मारली नाही. बेव शेजारी बसल्यासारखंच ते कण्हत, बरंच धावून उठलं. नेरिडा दात आवळून समोर बघत राहिली. मागं कुणी नाही, हे मान वळवून बघायला एवढासा वेळ लागला असता. पण पहिल्यांदा एकटं उडताना मागं बघायचं नसतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. असा नियम कुठंच नव्हता.

चक्कर मारून ती उतरली तेव्हा बेव सिगरेट वळत होती आणि तंबाखू खाली सांडत होती.

"मागच्या सीटवर कोट टांगलायस?"

"नाही."

"टोपी वगैरे?"

"नाही, बेव."

"काचेवर ऊन असेल मग," बेव म्हणाली. तिनं सिगरेट पेटवलीच नाही. "घरी चल. आणि हे बघ, प्रसंग आला तर दोघांपुरताच विचार कर. तू नि रॉस. तिसऱ्याचा नाही. इथून तिसरं माणूस निघत नाही."

घराकडे जाताना विमान हलकं होतं. घराकडे जायचं म्हटलं की ते नेहमीच हलकं असायचं. नेरिडाच्या हे लक्षात आलं आणि तिला ते लक्षात यायला नको होतं.

५

"तुझा बाप मला एकदा बोलला होता," रॉस रात्रीच्या जेवणाला म्हणाला. खारवलेलं मांस तिनं त्याच्यासाठी बंद केलं होतं, म्हणून तो उकडलेल्या भाज्यांशी भांडत होता. "म्हणाला, माणूस बुडालं तर रडून मोकळं होता येतं. पण रिकाम्या टेकडीचं काय करायचं?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू ऐकणारी होतीस?"

ती उठून भांडी धुवायला लागली. रॉसनं मागून येऊन फडकं घेतलं. तो धिप्पाड माणूस, पण आता ताटं पुसतानाही मध्ये थांबून श्वास घ्यायचा. त्याला वाटायचं तिच्या लक्षात येत नाही.

"विमान टेकडीवरून जड उठतं, रॉस. गावाकडं तोंड केलं की."

"दगड असतील चाकाखाली."

"हो," ती म्हणाली. "दगड असतील."

दोन दिवसांनी पाणी आलं. निरभ्र आकाश, कोरडं ऊन, कावकाव करणारे गुलाबी पोपट, आणि मैदानावरून कुणालाही न विचारता पसरत येणारं तपकिरी पाणी. आधी वास येतो, मग मुंग्या चढतात, मग ते दारात असतं. नेरिडानं एकटीनं विमान टेकडीवर नेलं, दोरांनी बांधलं, आणि मागचे दोन्ही पट्टे बांधले. खाली उतरल्यावर ती पुन्हा वर चढली आणि ते बांधलेले आहेत ना, हे बघून आली.

६

कळ आली ती मंगळवारी सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर. तोवर दोन दिवस इथलाही पाऊस होऊन गेला होता. रेडिओवर डॉक्टर म्हणाला, गोळी जिभेखाली ठेवा आणि जमेल तसं, जमेल तितक्या लवकर आणा.

पत्र्याच्या होडीतून तिनं त्याला टेकडीपाशी नेलं. चढताना तो तिच्या खांद्यावर होता. "हे वजन तूच वाढवलंयस," तो म्हणाला. "केक घालून घालून." त्याचे ओठ राखाडी पडले होते. तिनं त्याला पुढं बसवलं, दोर सोडले, सामानातली हत्यारं, पाण्याचा डबा, गोणी, सगळं बाहेर फेकलं. पट्टे बघायला ती मागं वाकली नाही.

विमान धावलं आणि उठलं नाही.

तिनं काठावर इंजिनाचा जोर काढला. ब्रेक लागेपर्यंत समोरचं पाणी खिडकीभर झालं होतं. विमान थांबलं. रॉस डोळे मिटून म्हणाला, "पुन्हा," आणि एवढ्या एका शब्दानं दमला.

तिनं फिरवून परत आणलं. माती ओली आहे, तिचं डोकं तिला सांगत होतं, रॉस जड आहे, वारा पडलाय. सगळं खरं होतं. फेकायला आता विमानात काही उरलं नव्हतं. इंजिन चालूच होतं. तिनं मान वळवली, पुरती नाही, अर्धीच. डोळ्याच्या कोपऱ्यात करडं कापड होतं आणि गुडघ्यावर सांभाळून धरलेली, भिजून वाकडी झालेली गवती टोपी.

"मिस," नेरिडा म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा आला. "मी नेरिडा. याला न्यायलाच हवं. मला... पुढच्या फेरीला, मिस. आजच. शप्पथ."

हे शब्द तोंडातून जाताना तिला बाबांचा चेहरा आठवला, तेव्हाचा, इंजिन चालू ठेवून मागं वळलेला. किती जड शब्द होते ते. माणूस उतरवायचे शब्द.

मागं खटका सुटल्याचा आवाज झाला. विमान थोडं वर आलं. मग उजवीकडच्या काचेवर बाहेरून कुणीतरी दोनदा टकटक केलं, आणि नेरिडानं इंजिन सोडलं.

निम्म्या धावपट्टीतच चाकं सुटली.

"कुणाशी बोलत होतीस?" बऱ्याच वेळानं रॉसनं विचारलं.

"विमानाशी."

"ऐकलं त्यानं," तो म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

७

डॉक्टर म्हणाला, वेळेत आणलंत, जगेल. नेरिडानं रॉसच्या कपाळावर ओठ टेकले, त्याची एक शिवी खाल्ली, आणि ती धावपट्टीवर परत आली. बेव रेडिओच्या खोलीबाहेर उभी होती. नेरिडा स्वतःच पेट्रोलची नळी ओढू लागली तेव्हा तिनं विचारलं, "कुठं?"

"टेकडीवर."

"तिथं कोण राहिलंय?"

"मी पुढच्या फेरीला म्हटलंय, बेव."

रानात या वाक्यापलीकडं काही नसतं. ज्यानं पुढच्या फेरीला म्हटलं, त्यानं जायचं. त्यावर वाद नाही. बेवनं उत्तरेचे ढग बघितले. ते खाली यायला लागले होते.

"तुझ्या बापाच्या विमानात त्या दिवशी पेट्रोल मीच भरलं होतं," ती म्हणाली. "असलेच ढग होते. तो गेला एवढं मी बघितलं. कुठवर गेला ते देवाला ठाऊक. पण रात्रभर ह्या कट्ट्यावर बसून आकाशाकडं कान लावलेला मी बघितलाय त्याला. खोटं बोलणारा माणूस असा बसत नाही गं." तिनं नेरिडाच्या हातातली नळी घेतली. "सोड. मी भरते."

टेकडीवर कुणी नव्हतं. ओले लाल दगड, सोडलेले दोर, सकाळी फेकलेली हत्यारं. पाण्याचा आवाज चारी बाजूंनी सारखा येत होता. नेरिडानं इंजिन चालू ठेवून ब्रेक लावला, उजवं दार उघडलं, पुढची सीट वाकवली, मागचा पट्टा मोकळा करून दोन्ही बाजूंना नीट पसरून ठेवला. मग ती विमानाकडं पाठ करून पाण्याकडं बघत उभी राहिली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही जास्त लाज वाटत होती. किती उशीर केला होता सगळ्यांनी.

मागं विमानाची शेपूट करकरत खाली बसली. निलगिरीच्या साबणाचा वास आला. पट्ट्याचा खटका लागला.

ती चढली, दार ओढून घेतलं आणि मागं न बघता निघाली. दोघींपुरतं वजन होतं, विमान काठाच्या बरंच आधी उठलं.

"टेकडी सोडली. गावाकडे," तिनं रेडिओवर सांगितलं.

"विमानात किती?" बेवचा नेहमीचा प्रश्न आला. तो विचारायचाच असतो.

"दोघी."

"दोघी," बेव म्हणाली. "ऐकलं. या."

ढग दोन्ही बाजूंनी आवळत आले. मध्ये एक फट होती, नेरिडा तिच्यात शिरली. तेव्हा खाली डावीकडं तिला दुसरं विमान दिसलं. लहान, निळं, ढगाला पोट घासत टेकडीच्या दिशेनं चाललेलं. त्याच्या शेपटीवरचं ठिगळ तिच्या ओळखीचं होतं. ते लावताना तिनं खिळ्यांची डबी धरली होती.

"पांढरं विमान," रेडिओवर आवाज आला. "वरून जाणारं पांढरं विमान, ऐकतंय का? यारांगाचा क्लेम बोलतोय. टेकडीवर आमच्या मुलांची मिस आहे. एकटीच आहे. तुम्ही घेतलंत का तिला?"

बाबांचा हा आवाज ती विसरली होती. तिला शेवटचा तेवढा आठवत होता, खोकल्यानं पोखरलेला. हा तरणा होता, तिच्याच वयाचा, आणि भ्यालेला होता. भ्यालेला असूनही ढगातून पुढंच चालला होता.

तिला सांगायचं होतं, बाबा, फिरा मागं, मी घेतलंय तिला. रात्रभर बसू नका त्या कट्ट्यावर. लोक काय म्हणतील ते ऐकू नका. मीही म्हणेन, माझंही ऐकू नका. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. नुसतं पाणी आलं डोळ्यांना.

"पांढरं विमान," बाबा म्हणाले, "कुणी आहे का?"

तिच्या खांद्यावर मागून बोट टेकलं. गार, ओलं. दोनदा.

नेरिडानं बटण दाबलं. पुन्हा एकदा दाबलं.

खालच्या निळ्या विमानानं आनंदानं पंख डोलावले. पण ते फिरलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय परत यायचं नाही, असाच बाबांचा स्वभाव होता. ते ढगात शिरलं आणि टेकडीकडं गेलं, आणि टेकडी रिकामी होती.